तीस चित्रपटांचा महिना आणि आपण

दररोज एक चित्रपट यादीत यायचा, तीस दिवस तेथे राहायचा आणि मुदत संपली की निघून जायचा. कोणत्याही दिवशी पाहावे तर यादीत तीसच चित्रपट असायचे, एकतिसावा नाही. इंटरनेटवरून घरोघरी चित्रपट दाखवणाऱ्या 'मूबी' या सेवेने कित्येक वर्षे हा नियम पाळला. हजारो चित्रपटांची कोठारे उघडून बसलेल्या बड्या कंपन्यांच्या बाजारात एखाद्या दुकानदाराने फळीवर मोजून तीस वस्तू मांडाव्यात, हा व्यवहाराच्या दृष्टीने वेडेपणाच म्हणायला हवा. तरीही ही सेवा टिकली, वाढली आणि २०१९ च्या नोव्हेंबरात भारतातही आली. येताना तिने जागतिक चित्रपटांच्या यादीशेजारी केवळ भारतीय चित्रपटांची दुसरी यादी मांडली. २०२० साली तिने आपला जुना संग्रहही सभासदांना खुला केला. तीस दिवसांची ती काटेकोर चौकट त्यानंतर सैल झाली असली, तरी रोज एक चित्रपट निवडून पुढे ठेवण्याचा तिचा रिवाज सुटलेला नाही.

ही सेवा २००७ साली सुरू करणारे एफे चकारेल हे मूळचे तुर्कस्तानचे. टोकियोतील एका उपाहारगृहात बसले असता त्यांना वाँग कार-वाय यांचा 'इन द मूड फॉर लव्ह' हा चित्रपट पाहावासा वाटला. जपानसारख्या प्रगत देशात, उत्तम इंटरनेट हाताशी असूनही तो कोठे मिळेना. त्या अडचणीतून हा उद्योग जन्मला, अशी त्याची कथा सांगितली जाते. चांगला चित्रपट अस्तित्वात असणे आणि तो पाहणाऱ्यापर्यंत पोहोचणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या चित्रपटांविषयी बोलताना आपण नेमका हाच भेद विसरतो.

आज पाहणाऱ्यापुढे तुटवड्याचा प्रश्न नाही. रात्री जेवणे आटोपून कुटुंब दूरचित्रवाणीसमोर बसते, एकजण हाती रिमोट घेतो, अर्धा तास नुसती चित्रे सरकवण्यात जातो आणि अखेरीस काहीतरी सवंग लावले जाते किंवा सगळे कंटाळून झोपायला जातात. घरोघरचा हा अनुभव आहे. बड्या कंपन्यांची संगणकीय यंत्रणा शिफारस करते, नाही असे नाही. परंतु तुम्ही काल जे पाहिले त्याच्यासारखेच आणखी काय आहे, एवढेच त्या यंत्रणेला ठाऊक असते. तुम्ही जे कधीच पाहिलेले नाही आणि तरीही पाहिलेच पाहिजे असे काय आहे, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी चित्रपट पाहिलेला, त्यावर विचार केलेला आणि 'हा पाहाच' असे आपल्या जबाबदारीवर सांगणारा माणूस लागतो. ग्रंथालयात पूर्वी असे एखादे ग्रंथपाल असत. वाचकाची आवड त्यांना माहीत असे आणि त्या आवडीच्या एक पायरी वरचे पुस्तक ते त्याच्या हाती ठेवीत.

आपल्याकडे हे काम कधी झालेच नाही असे मात्र मुळीच नाही. १९४७ साली सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी सहकाऱ्यांसह कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली. १९५९ साली देशभरच्या अशा संस्थांचा महासंघ उभा राहिला. मुंबईत १९६८ साली 'प्रभात चित्र मंडळ' स्थापन झाले. सुधीर नांदगावकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी चित्रपटाच्या पेट्या मिळवण्यापासून सभासदांच्या वर्गणीपर्यंत सारा व्याप सांभाळून मराठी मध्यमवर्गाला जगाचा चित्रपट दाखवला. १९८० च्या दशकात तर सरकारी दूरदर्शनने रविवारच्या दुपारी प्रादेशिक भाषांतील चित्रपट दाखवण्याचा प्रघात पाडला होता. आसामी शेतकऱ्याची कथा विदर्भातील खेड्यात आणि कन्नड अग्रहारातील विधवेची कथा कोकणात पाहिली जात असे. भाषा कळत नसे, खाली इंग्रजी अक्षरे धावत, निम्म्यांना तीही वाचता येत नसत. तरी लोक पाहत. चित्रपट कंटाळवाणा आहे अशी कुरकुर करीत का होईना, पाहत. या देशात आपल्याखेरीज आणखीही माणसे राहतात आणि त्यांची सुखदुःखे आपल्यासारखीच आहेत, हे एका पिढीला त्या दुपारांनी शिकवले. राष्ट्रीय एकात्मतेवरच्या किती भाषणांनी तेवढे साधले असेल, याविषयी आम्हाला शंका आहे. पुढे वाहिन्यांचा पूर आला आणि ती दुपार त्यात वाहून गेली.

जाणत्याने केलेली निवड काय करू शकते, याचे एक उदाहरण घेऊ. यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाचा 'टोकियो स्टोरी' १९५३ सालचा. ओनोमिची या गावातील वृद्ध पतिपत्नी आपल्या मुलांना भेटायला टोकियोला जातात. मुले वाईट नाहीत, फक्त कामात आहेत. आईवडिलांचे काय करायचे, हे त्यांना सुचत नाही. शेवटी त्यांची खरी विचारपूस करते ती युद्धात गेलेल्या मुलाची विधवा पत्नी, नोरिको. या कथेत आरडाओरड नाही, खलनायक नाही. मुले परदेशी आणि वृद्ध आईवडील सदनिकेत, असे चित्र ज्यांनी पुण्या-मुंबईत पाहिले आहे, त्यांना तो जपान परका वाटणार नाही. आता या चित्रपटाच्या दुसऱ्याच दिवशी कोणी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' (२०१३) लावला, तर? संस्कृतचे प्रकांड पंडित, निवृत्त प्राध्यापक, स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले. रस्त्यात हत्ती दिसतो आणि लहान मुलासारखे त्याच्यामागे निघून जातात. डॉ. मोहन आगाशे यांनी ती भूमिका केली आहे. मुलगी त्यांना शोधत राहते आणि त्या काळात त्यांना सांभाळते ती माहुताची गरीब बायको. नोरिको आणि ही चन्नम्मा, दोघीही रक्ताच्या नात्याबाहेरच्या. दोन्ही चित्रपट स्वतंत्रपणे श्रेष्ठ आहेतच. पण एकापाठोपाठ एक पाहिले तर पाहणारा त्यांत काहीतरी तिसरेच पाहतो. या शेजारात लावण्याच्या कलेलाच निवड म्हणतात, आणि ती संगणकाकडून होत नाही.

स्वतंत्र चित्रपटांना तर अशा निवडीखेरीज तरणोपायच नाही. स्वतंत्र म्हणजे मोठ्या निर्मितीसंस्थांच्या आणि तारेतारकांच्या भांडवलाबाहेर, पदरमोड करून काढलेला चित्रपट. रिमा दास यांनी आसाममधील आपल्याच गावात 'व्हिलेज रॉकस्टार्स' केला. दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलनही त्यांचेच. २०१८ साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. त्याआधीच्या वर्षी ते सुवर्णकमळ 'कासव' या मराठी चित्रपटाला मिळाले होते. वाचकांपैकी कितीजणांनी हे दोन चित्रपट पाहिले आहेत? प्रश्न टोचण्यासाठी विचारलेला नाही. पाहायला मिळाले तरच पाहणार. चित्रपटगृहात असा चित्रपट लागतो तो एक आठवडा, तोही सकाळच्या खेळाला. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने मराठी चित्रपटांना मोक्याच्या वेळेचे खेळ देण्याची सक्ती आणली, त्यावर बरेच वादळ उठले आणि नियमाची धार बोथट झाली. खेळाची वेळ मिळाली म्हणून प्रेक्षक आपोआप येत नाही, हेही त्या प्रकरणात दिसले. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' २०२० साली व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता आणि पटकथेचा पुरस्कार घेऊन आला. हिंदुस्थानी संगीत, गुरुशिष्य परंपरा, साधना आणि साधनेतले अपयश, असा विषय, भाषा मराठी. २०२१ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. परंतु त्या अथांग कोठारात हा चित्रपट आहे, हे मराठी रसिकाला कोण सांगणार होते?

येथवर मूबीसारख्या सेवांचे कौतुक झाले. आता दुसरी बाजू. प्रत्येक निवडीमागे निवडणारा असतो आणि त्याची नजर जेथवर पोहोचते तेथवरच त्याची यादी जाते. अमेरिकेतील 'क्रायटेरियन' ही संस्था १९८४ पासून जगातील अभिजात चित्रपटांच्या उत्कृष्ट प्रती प्रसिद्ध करीत आली आहे. अभ्यासू रसिकाला तिच्याविषयी आदरच वाटावा, असे तिचे काम आहे. तरीही २०२० साली न्यूयॉर्क टाइम्सने तिच्या संग्रहाची छाननी केली, तेव्हा खुद्द अमेरिकेतील कृष्णवर्णीय दिग्दर्शक त्यात जवळजवळ नाहीतच, असे आढळले आणि संस्थेच्या प्रमुखांना ती उणीव मान्य करावी लागली. आपल्याच घरातील माणसे ज्या नजरेतून सुटली, त्या नजरेला देहू आणि पंढरपूर दिसावे, ही अपेक्षा जरा जास्तच नव्हे काय? भारत म्हटला की त्या संग्रहात मुख्यतः सत्यजित राय. राय थोरच होते. परंतु जगाला ठाऊक असलेला भारतीय चित्रपट हा एका माणसाभोवती फिरतो, आणि दामले-फत्तेलाल, जी. अरविंदन, गिरीश कासारवल्ली, जानू बरुआ यांना तळटिपेची जागा मिळते. यात कोणाचे कारस्थान शोधण्याचे कारण नाही. रायांचे चित्रपट परदेशी नेऊन दाखवणारे, त्यांच्यावर लिहिणारे, त्यांच्या प्रती जपण्यासाठी धडपडणारे लोक होते. इतरांसाठी ते काम आम्ही केले नाही.

उदयशंकर यांच्या 'कल्पना'ची कथा या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखी आहे. भारतीय नृत्याला जगाच्या रंगमंचावर नेणाऱ्या या कलावंताने दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट. १९४८ साली तो प्रदर्शित झाला. हिमालयाच्या सान्निध्यात कलाकेंद्र उभारण्याचे स्वप्न पाहणारा नर्तक हा त्याचा नायक, आणि उदयशंकरांचे स्वतःचे अल्मोड्याचे केंद्र त्याआधीच बंद पडलेले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर एका कलावंताने आपल्या देशाकडे पाहून नृत्यातून रचलेला तो निबंधच आहे. पुढे तो विस्मरणात गेला. त्याची प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होती. मार्टिन स्कॉर्सेसी या अमेरिकी दिग्दर्शकाच्या प्रतिष्ठानाने पुढाकार घेतला, इटलीतील बोलोन्या येथील प्रयोगशाळेत चित्रपटाचे पुनरुज्जीवन झाले आणि २०१२ साली कान महोत्सवात तो दाखवला गेला. २०२२ मध्ये क्रायटेरियनने तो आपल्या संचात प्रसिद्ध केला. प्रत पुण्याची, डागडुजी इटलीची, प्रकाशन अमेरिकेचे. आणि क्रायटेरियनची जी चित्रपटसेवा आहे, ती केवळ अमेरिका व कॅनडा या दोन देशांपुरती चालते. पुण्याचा रसिक तिचा सभासद होऊ शकत नाही! स्कॉर्सेसींचे ऋण मान्य करूनही हा प्रवास वाचताना मान खाली जाते.

शिवाय परक्याच्या ओसरीवर ठेवलेल्या ठेवीचा भरवसा किती, हाही प्रश्न आहेच. क्रायटेरियन आणि अमेरिकेतील टर्नर या कंपनीने २०१६ साली 'फिल्मस्ट्रक' नावाची अशीच अभिजात चित्रपटांची सेवा सुरू केली होती. टर्नरच्या मूळ कंपनीची मालकी बदलली आणि नव्या मालकाने हिशेब मांडला. २६ ऑक्टोबर २०१८ रोजी बंद करण्याची घोषणा झाली, २९ नोव्हेंबरला सेवा बंद झालीही. पन्नास हजारांहून अधिक लोकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या, हॉलिवूडच्या नामांकित दिग्दर्शकांनी पत्रे लिहिली. त्या रेट्याचा उपयोग एवढाच झाला की, एप्रिल २०१९ मध्ये क्रायटेरियनने स्वतःची वेगळी सेवा उभी केली. सभासदांना आपल्या चित्रपटांविषयी एवढी आच असणे, हा त्या समाजाचा गुणच म्हणावा लागेल. उद्या मराठी चित्रपट दाखवणारी एखादी सेवा बंद पडली, तर आपल्यातील किती लोक सही करतील?

आपल्या घरातील स्थिती अगदीच निराशेची मात्र नाही. १९६४ साली पुण्यात चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून ते भरले. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' आणि 'कालिया मर्दन'चे जे काही आज पाहायला मिळते, ते त्यांच्या शोधयात्रेमुळे. 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची मात्र एकही प्रत उरलेली नाही. ८ जानेवारी २००३ रोजी 'प्रभात'च्याच जुन्या आवारातील कोठाराला आग लागून नायट्रेटवरील शेकडो जुने चित्रपट जळाले. आता राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानासाठी ५९७ कोटी रुपयांची तरतूद आहे, आणि २०२२ साली सुमारे २२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर झाले. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने अरविंदन यांचा 'थंप', मणिपुरी 'ईशानोऊ', श्याम बेनेगल यांचा 'मंथन', कासारवल्लींचा 'घटश्राद्ध' असे चित्रपट एकेक करून पुन्हा उजळले. गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला 'मंथन' २०२४ साली कानमध्ये दाखवला गेला आणि लगेच जूनमध्ये देशातील अनेक शहरांतल्या चित्रपटगृहांत लागला. लोक आले, तिकीट काढून आले.

म्हणजे कोठार भरले आहे, डागडुजी चालू आहे, पाहणाराही आहे. मधला दुवा नाही. हक्कांची अडचण सांगितली जाते, ती अर्धीच खरी आहे. आपल्या कायद्यानुसार चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो. 'प्रभात' कंपनीच १९५३ साली बंद झाली. तिचे सारे चित्रपट ही मुदत ओलांडून गेले आहेत. १९५४ साली पहिल्या राष्ट्रपती सुवर्णपदकाचा मान मिळवणारा 'श्यामची आई'ही. 'संत तुकाराम' (१९३६) इंटरनेटवर फुकट सापडतो, पण चित्र धूसर आणि आवाज फाटका. व्हेनिसमध्ये १९३७ साली ज्याचा गौरव झाला, मुंबईत जो वर्षाहून अधिक काळ चालला, विष्णुपंत पागनिसांना ज्याने लोकांच्या लेखी साक्षात तुकोबा करून टाकले, तो चित्रपट आजच्या मुलाने असा पाहावा आणि 'जुने म्हणजे हे असेच' अशी समजूत करून घ्यावी! देवावर रागावणारी, संसाराच्या विवंचनेने गांजलेली त्यातली जिजाई चांगल्या प्रतीत पाहिली, तर आजच्या कोणत्याही वास्तववादी चित्रपटातील स्त्रीपेक्षा ती तसूभरही कमी भासणार नाही.

प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' ही आपली चित्रपटसेवा सुरू केली. सरकारी सेवेने खासगी कंपन्यांशी मालिकांची स्पर्धा करण्यात शक्ती घालवू नये. महिन्याला तीस चित्रपट, तेही रोज एक, एवढाच संकल्प तिने करावा. चित्रपटाबरोबर जाणकाराचे दोन पाने टिपण असावे, आणि संवादांचे भाषांतर इंग्रजीबरोबर मराठी, तमिळ, बंगाली, आसामी अशा आपल्याच भाषांत असावे. रविवारच्या दुपारी जी उणीव राहून गेली होती, ती आज तंत्रज्ञानाने सहज भरून निघते. एखाद्या महिन्याची सुरुवात 'कालिया मर्दन'ने व्हावी, त्यात फाळक्यांची लहानगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली आहे. मग 'अयोध्येचा राजा', 'शेजारी', 'रामशास्त्री'. संस्कृतमध्ये काढलेला जी. व्ही. अय्यर यांचा 'आदि शंकराचार्य' आणि त्याच्याशेजारी के. विश्वनाथ यांचा 'शंकराभरणम्'. पंचवीस वर्षांपूर्वी घराण्याघराण्यांतून हे चित्रपट आदराने आठवले जात. आजच्या महाविद्यालयीन मुलाला त्यांची नावेही ऐकून माहीत नाहीत. डॉ. जब्बार पटेल यांचा 'सामना' (१९७५) या यादीत असलाच पाहिजे. सहकारातील सत्तेचे त्याने केलेले चित्रण कोणाला झोंबते, म्हणून तो वगळण्याचे कारण नाही. निवड म्हणजे आपल्याला सोयीचे तेवढे दाखवणे नव्हे. ज्या यादीत आपल्याला अस्वस्थ करणारा एकही चित्रपट नाही, ती यादी लोक महिनाभरात ओळखतात आणि सोडून देतात.

निवडणारे कोण, हा कळीचा मुद्दा. मंत्रालयातील अधिकाऱ्यांकडे हे काम गेले, तर पहिल्या तीन महिन्यांत जयंत्या-पुण्यतिथ्यांची यादी तयार होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. राज्याराज्यांतील फिल्म सोसायट्या, पुण्याच्या संग्रहालयातील अभ्यासक, विद्यापीठांतले भाषाविभाग यांच्याकडे आळीपाळीने एकेक महिना सोपवावा. महाराष्ट्रातील मंडळाने आसामी चित्रपट निवडावेत, आसामातील मंडळाने मराठी. निवडणाऱ्याचे नाव यादीवर छापलेले असावे, म्हणजे शाबासकी कोणाला आणि दूषण कोणाला, हे पाहणाऱ्याला कळेल. फिल्म सोसायट्यांचे वयस्कर कार्यकर्ते आजही अनेक गावांत आहेत. जुनी माहितीपत्रके, टिपणे, भाषणांच्या ध्वनिफिती त्यांच्या कपाटांत पडून आहेत. ही मंडळी आहेत तोवर त्यांना बोलावले पाहिजे.